२–२ हा कौल योग्यच होता : इंग्लंड–भारत कसोटी मालिका, २०२५

प्रश्न असा आहे : २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये झालेल्या पाच कसोटींत भारताने ३८०९ धावा केल्या, इंग्लंडने ३३७८. भारताची शतके १२, इंग्लंडची ९. शुभमन गिलच्या एकट्याच्या धावा ७५४ आणि मालिकेत सर्वाधिक म्हणजे २३ बळी घेणारा मोहम्मद सिराजही भारताचाच. असे असूनही मालिका २–२ अशी सुटली आणि अँडरसन–तेंडुलकर चषक दोन्ही संघांत विभागला गेला. मग भारताने हातातोंडाशी आलेली मालिका घालवली असे म्हणायचे का, आणि अशा मालिकेचा निकाल लावण्यासाठी सहावा सामना का असू नये?

क्लब क्रिकेटमध्ये गोलंदाज घडवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे मी या मालिकेकडे फलंदाजांच्या धावांपेक्षा पडलेल्या गड्यांच्या बाजूने पाहतो, आणि त्या बाजूने पाहिले की चित्र पुष्कळ बदलते. भारताने ३८०९ धावा केल्या त्या ९० गडी गमावून, तर इंग्लंडने ३३७८ केल्या त्या ८४ गडी गमावून. (ओव्हलच्या पहिल्या डावात जायबंदी ख्रिस वोक्स फलंदाजीला येऊच शकला नव्हता, म्हणून ८४.) दर गड्यामागे भारताच्या ४२ धावा आणि इंग्लंडच्या ४० असा हा हिशेब आहे. पाच सामने, पाचही पाचव्या दिवसापर्यंत गेलेले, आणि फरक गड्यामागे दोन धावांचा. धावांची जी मोठी तफावत दिसते तिचा बराचसा भाग एजबॅस्टनच्या एकाच सामन्यातून आलेला आहे, कारण तिथे भारताने ३३६ धावांनी विजय मिळवला. परंतु ३३६ धावांनी जिंकलेला सामनाही मालिकेत एकच मोजला जातो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की भारताने संघ निवडताना जो एक निर्णय घेतला, त्याच निर्णयाने त्याला मालिकेत तारले आणि त्याच निर्णयाने मालिका जिंकूही दिली नाही. तो निर्णय म्हणजे फलंदाजी आठव्या क्रमांकापर्यंत लांबवण्याचा. शार्दूल ठाकूर, नितीशकुमार रेड्डी, वॉशिंग्टन सुंदर या अष्टपैलूंपैकी कोणी ना कोणी प्रत्येक सामन्यात होता आणि मनगटी फिरकी गोलंदाज कुलदीप यादव पाचही सामने तंबूत बसून होता. कसोटी जिंकायची तर वीस गडी बाद करावे लागतात. हेडिंग्लीला भारताने पंधरा बाद केले, मँचेस्टरला दहा. त्या दोन सामन्यांतून पदरात पडले ते एक पराभव आणि एक अनिर्णित सामना.

हेडिंग्लीपासून सुरुवात करू, कारण पहिल्या सामन्याची ठेच पुढच्या सगळ्या निवडींमागे होती. बेन स्टोक्सने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले (पाचही नाणेफेका भारत हरला, हे जाता जाता नोंदवून ठेवतो) आणि यशस्वी जयस्वाल १०१, गिल १४७, ऋषभ पंत १३४ अशी शतके झाल्यावर भारत ३ बाद ४३० वर उभा होता. तिथून सात गडी ४१ धावांत पडले आणि डाव ४७१ वर आटोपला. दुसऱ्या डावात के. एल. राहुलने १३७ आणि पंतने पुन्हा ११८ धावा केल्या. ४ बाद ३३३ वरून सहा गडी ३१ धावांत गेले आणि डाव ३६४ वर संपला. दोन्ही डाव मिळून तेरा गडी ७२ धावांत. एका संघाकडून पाच शतके होऊनही तो संघ कसोटी हरल्याचे हे पहिलेच उदाहरण ठरले.

तळाच्या फलंदाजांवर खापर फोडणे सोपे होते आणि ते फोडले गेलेही. मला मात्र या सामन्यात झेल अधिक महत्त्वाचे वाटतात. पहिल्या डावात जसप्रीत बुमराने ८३ धावांत ५ बळी घेतले, पण त्याच्याच गोलंदाजीवर बेन डकेट, ऑली पोप आणि हॅरी ब्रुक या तिघांचेही झेल जयस्वालच्या हातून सुटले. शिवाय ब्रुक शून्यावर असताना झेलबाद झाला तो चेंडू नोबॉल निघाला. पुढे ब्रुक ९९ वर बाद झाला. शेवटच्या डावात ३७१ धावांचा पाठलाग करताना डकेट ९७ वर असताना सिराजच्या चेंडूवर त्याला पुन्हा जीवदान मिळाले आणि त्याने १४९ केल्या. इंग्लंडने पाच गडी राखून सामना जिंकला. हेडिंग्लीच्या खेळपट्टीवर चौथ्या डावात तीनशेच्या वर धावा होतात हे नवीन नाही, पण तिथे पाचव्या दिवशी गडी बाद करण्यासाठी भारताकडे बुमराखेरीज हुकमी असे काय होते? शार्दूलने लागोपाठच्या दोन चेंडूंवर डकेट आणि ब्रुक यांना बाद केले खरे. पण तो त्याच्या नेहमीच्या स्वभावातला चमकारा होता, सलग दबाव ठेवणारा स्पेल नव्हे. आठव्या क्रमांकावर खेळून त्याने दोन डावांत केल्या पाच धावा. म्हणजे फलंदाजी लांबवण्यासाठी गोलंदाजीला जी कात्री लावली तिचा मोबदला फलंदाजीतही मिळाला नाही.

एजबॅस्टनवर फार लिहीत नाही. गिलच्या २६९ आणि १६१ धावांनी सामना एकतर्फी केला. रवींद्र जडेजाबरोबर २०३ आणि वॉशिंग्टनबरोबर १४४ धावांच्या भागीदाऱ्या झाल्यामुळे ५ बाद २११ वरून भारत ५८७ पर्यंत गेला, आणि तिथे लांब फलंदाजीचे धोरण पूर्णपणे फळाला आले हे मान्य केले पाहिजे. गोलंदाजीत बुमरा विश्रांतीवर असताना आकाश दीपने सामन्यात १८७ धावांत १० बळी घेतले आणि सिराजने पहिल्या डावात ७० धावांत ६. इंग्लंडची अवस्था ५ बाद ८४ झाली असताना ब्रुक आणि जेमी स्मिथ यांनी ३०३ धावा जोडल्या, ही त्या सामन्यातली इंग्लंडची एकमेव जमेची गोष्ट. त्या मैदानावर भारताने त्यापूर्वी कधीही कसोटी जिंकलेली नव्हती.

लॉर्ड्सवर थांबून पाहिले पाहिजे. इथे भारताने वीसच्या वीस गडी बाद केले आणि तरीही २२ धावांनी हार पत्करली, त्यामुळे माझ्या म्हणण्याला हा सामना अपवाद ठरतो की काय, असे प्रथमदर्शनी वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुमराने स्टोक्स, जो रूट आणि वोक्स यांना झटपट बाद केले आणि इंग्लंड ७ बाद २७१ झाले. चेंडू त्या वेळी जेमतेम दहा षटके वापरलेला होता आणि दोन्ही बाजूंना वळत होता. तो आकाराने बिघडल्याची तक्रार भारतानेच केली, पंचांनी तो बदलला, आणि बदली आलेला चेंडू पाहून गिल पंचांशी हुज्जत घालताना दिसला. या मालिकेत ड्यूक्स चेंडू लवकर मऊ पडतो आणि बेढब होतो ही ओरड दोन्ही संघांची होती. ड्यूक्सची शिवण हाताने घातलेली असते आणि ती उठावदार राहते म्हणूनच इंग्लंडमध्ये चेंडू दिवसभर काही ना काही करत राहतो. पण आतला गाभा मऊ पडला की शिवण कितीही चांगली असो, चेंडू टप्प्यावरून जोर धरत नाही आणि स्लिपमध्ये झेल पोहोचत नाही. पंचांकडे बदलीसाठी जी पेटी असते तिच्यातला चेंडू तितक्याच षटकांचा असावा असा संकेत असतो, परंतु तो कुठल्या खेळपट्टीवर आणि कोणत्या हवेत वापरला गेला हे त्याच्यावर लिहिलेले नसते. जो चेंडू बळी देतो आहे तो आकार बिघडला म्हणून हातचा घालवू नये, हा धडा क्लबच्या पोरांनाही ठाऊक असतो. नंतर स्मिथ आणि ब्रायडन कार्स यांनी आठव्या गड्यासाठी ८४ धावा जोडल्या. स्मिथचा झेल तो ५ वर असताना राहुलकडून सुटला होता. इंग्लंड ३८७.

भारताच्याही ३८७ झाल्या. पण त्यातही शेवटचे चार गडी ११ धावांत गेले, आणि त्याआधी पंत धावचीत झाला तो उपाहाराच्या तोंडावर, राहुलला शतकासाठी खेळण्याची संधी मिळावी म्हणून घेतलेल्या एका चोरट्या धावेपायी. पंत ७४ वर होता आणि इंग्लंडचे गोलंदाज थकले होते. तिथे भारताला साठ-सत्तर धावांची आघाडी मिळणे अगदी शक्य होते. पंतच्या बोटाला मार लागल्यामुळे ध्रुव जुरेल यष्टिरक्षण करत होता आणि अवांतर धावाही भारताने इंग्लंडच्या जवळजवळ दुप्पट दिल्या. २२ धावांनी हरलेल्या सामन्यात हे सगळे हिशेब नंतर टोचत राहतात.

१९३ धावांच्या पाठलागात भारताची सात गड्यांची मजल ८२ धावांची होती. अखेरच्या तीन जोड्यांनी ८८ धावा काढल्या. जडेजा १८१ चेंडूंत नाबाद ६१. बुमरा ५४ चेंडू खेळला, धावा ५. सिराज ३० चेंडू खेळला, धावा ४. त्या दुपारी जडेजाने फटके मारायला हवे होते अशी टीका पुष्कळ झाली आणि ती मला अजिबात पटत नाही. पोफळीसारखा सरळ उभा राहून तो एका बाजूने खिंड लढवत होता, षटकातले चार-पाच चेंडू स्वतः घेऊन शेवटी एक धाव चोरत होता, आणि लक्ष्य प्रत्येक षटकाला थोडेथोडे जवळ येत होते. समोर स्टोक्स लांबच लांब स्पेल टाकत होता आणि चार वर्षांहून अधिक काळानंतर कसोटीत परतलेला जोफ्रा आर्चर ताज्या दमाचा होता. अशा वेळी मोठा फटका मारण्याचा आग्रह मैदानाबाहेर बसलेल्यांनाच सुचतो. शेवटी शोएब बशीरचा चेंडू सिराजने बॅटच्या मध्यावर घेतला, तो खाली पडून मागे घरंगळत लेग यष्टीवर गेला आणि बेल पडली. बशीरच्या डाव्या हाताचे बोट मोडलेले होते आणि तो त्याचा मालिकेतला शेवटचा चेंडू ठरला.

तेव्हा लॉर्ड्सवर घात झाला तो वरच्या फळीचा. जयस्वाल ०, गिल ६, पंत ९. राहुलने ३९ केल्या म्हणून धावसंख्या निदान तेवढी तरी झाली. तळाच्या फलंदाजीने त्या दिवशी आपले काम चोख केले. लॉर्ड्स अपवाद ठरतो तो एवढ्यापुरताच, की फलंदाजी आठव्या क्रमांकापर्यंत लांबवून त्यावर विसंबणाऱ्या संघाला पहिल्या सहांनी दगा दिला.

मँचेस्टरला मात्र हे धोरण अक्षरशः संघाच्या कामी आले. पहिल्या डावात वोक्सच्या यॉर्करवर उलटा स्वीप मारताना पंतच्या उजव्या पायाचे हाड मोडले. तो जायबंदी होऊन मैदानाबाहेर गेला, दुसऱ्या दिवशी लंगडत परतला आणि ५४ वर पोहोचला. भारताच्या ३५८ धावांना इंग्लंडने ६६९ धावांनी उत्तर दिले : रूट १५०, स्टोक्स १४१. स्टोक्सने त्याआधी पाच बळीही घेतले होते. या ६६९ धावांच्या डावात वॉशिंग्टनच्या हाती चेंडू फार उशिरा दिला गेला, आणि दिला तेव्हा त्याने पोप आणि ब्रुक यांना लगेच बाद केले. कर्णधार म्हणून गिलची या मालिकेतली ही सर्वांत मोठी चूक असे मी मानतो. नवोदित अंशुल कंबोज वेग हरवून बसला होता, बुमरा थकलेला होता, आणि संघात बळी मिळवून देणारा मनगटी फिरकी गोलंदाज नव्हता.

दुसऱ्या डावाच्या पहिल्याच षटकात वोक्सने जयस्वाल आणि साई सुदर्शन यांना बाद केले. धावफलकावर ० वर २ बाद, पिछाडी ३११ धावांची, आणि पाच सत्रांहून अधिक खेळ शिल्लक. तिथून भारताने १४३ षटके खेळून काढली आणि गमावले एकूण चारच गडी. राहुलने २३० चेंडूंत ९०, गिलने २३८ चेंडूंत १०३, आणि दोघांनी मिळून १८८. पाचव्या दिवशी गिल बाद झाल्यावर आलेल्या जडेजाचा पहिल्याच चेंडूवर स्लिपमध्ये रूटकडून झेल सुटला. मग जडेजा नाबाद १०७ आणि वॉशिंग्टन नाबाद १०१, भागीदारी २०३. वॉशिंग्टनला पाचव्या क्रमांकावर पाठवावे लागले ते पंत जखमी होता म्हणून. हा मुलगा तामिळनाडूसाठी सुरुवातीला फलंदाज म्हणूनच वाढला आहे याची आठवण त्या दिवशी सर्वांना झाली. तो चेंडू किती उशिरा खेळतो हे नवोदितांनी मुद्दाम पाहावे : चेंडू डोळ्यांखाली येईपर्यंत बॅट पॅडच्या पुढे जात नाही, आणि म्हणून टप्पा पडल्यावर बाहेर जाणारा चेंडू बॅटची कड घेण्याऐवजी तिच्या शेजारून निघून जातो.

शेवटच्या तासाला पंधरा षटके उरली असताना स्टोक्सने हस्तांदोलन करून सामना सोडून देण्याचा प्रस्ताव ठेवला. जडेजा ८९ वर होता, वॉशिंग्टन ८० वर. त्यांनी नकार दिला, इंग्लंडने चिडून ब्रुकच्या हाती चेंडू दिला आणि दोन्ही शतके झाली. याबद्दल भरपूर गदारोळ झाला. नियम असा आहे की निकाल शक्य नसेल तर दोन्ही कर्णधारांच्या संमतीने खेळ थांबवता येतो. संमती ही दोघांची लागते, एकाची पुरत नाही. ज्या दोघांनी तासन्‌तास आखूड चेंडूंच्या माऱ्यात सामना वाचवला त्यांनी आणखी अर्धा तास खेळावे यात मला काहीही गैर दिसत नाही. ब्रुकच्या त्या उंच उडवलेल्या चेंडूंनी मात्र इंग्लंडने स्वतःचीच शोभा करून घेतली.

आता ओव्हल. स्टोक्स खांद्याच्या दुखापतीने बाहेर, बुमरा विश्रांतीवर, पंत जायबंदी. पहिल्या डावात भारत २२४; त्यात अर्धशतक एकट्या करुण नायरचे, ५७. मूळचा कर्नाटकचा हा खेळाडू विदर्भाकडून २०२४–२५ च्या रणजी विजेतेपदात धावांचा रतीब घालून आठ वर्षांनी कसोटी संघात परतला होता, त्यामुळे नागपूरकरांचे त्याच्याकडे खास लक्ष होते. इंग्लंडने बिनबाद ९२ अशी झंझावाती सुरुवात केली, पण सिराज आणि प्रसिद्ध कृष्णा यांनी प्रत्येकी चार बळी घेऊन डाव २४७ वर संपवला. दुसऱ्या डावात जयस्वालने ११८ धावा केल्या, दिवस संपताना मुख्य फलंदाजाचा गडी वाचावा म्हणून आधी पाठवलेल्या आकाश दीपने त्याच्याबरोबर शंभरावर धावा जोडत ६६ केल्या, आणि अखेरीस वॉशिंग्टनने ४६ चेंडूंत ५३ धावा करताना शेवटच्या गड्यासाठी ३९ धावा मिळवल्या, ज्यांत प्रसिद्धचा वाटा शून्य होता. सामना जिंकला गेला तो ६ धावांनी. लांब फलंदाजीचे धोरण इथे थेट निकालात दिसते.

३७४ धावांचा पाठलाग करताना ब्रुक १९ वर असताना सिराजने सीमेवर त्याचा झेल घेतला आणि पाय दोरीला लागला. बाद होण्याऐवजी षटकार. ब्रुकने ९८ चेंडूंत १११ केल्या, रूटने १०५, दोघांत १९५ धावांची भागी. ३ बाद ३०१ झाले तेव्हा सामना भारताच्या हातून गेल्यात जमा होता. मग ब्रुकचा उंच उडालेला झेल सिराजनेच घेतला, प्रसिद्धने बेथेल आणि रूट यांना काढले, आणि अंधूक प्रकाश व पावसामुळे खेळ थांबला तेव्हा इंग्लंडला चार गडी हाताशी असताना ३५ धावा हव्या होत्या. ती रात्र मध्ये आली हे भारताचे नशीब होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. सिराजने मालिकेत १८५.३ षटके टाकली, पाचही सामने खेळला. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या पायांत जे उरले होते त्यापेक्षा पाचव्या दिवशी सकाळी निश्चितच जास्त होते.

त्या सकाळी फक्त ५३ चेंडू पडले. ओव्हर्टनने प्रसिद्धच्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन चौकार मारले. हवा ढगाळ होती आणि ७७ षटके जुना चेंडू सिराजच्या हातात स्विंग होत होता. सिराजचे मुख्य अस्त्र म्हणजे ज्याला सगळे वॉबल सीम म्हणतात तो चेंडू. यात शिवण सरळ उभी न ठेवता दोन बोटे थोडी फाकवून, मनगट सैल ठेवून चेंडू सोडला जातो, त्यामुळे शिवण हवेत डगमगत जाते आणि टप्प्यावर तिची कोणती बाजू जमिनीला लागेल यावर चेंडू आत येईल की बाहेर जाईल हे ठरते. गोलंदाजालाही ते आधी ठाऊक नसते, मग फलंदाजाला कुठून असणार? त्या सकाळी मात्र सिराजने नुसत्या वॉबलवर भिस्त ठेवली नाही. चेंडू बाहेरच्या बाजूला हलत असल्याने शिवण बरीचशी उभी ठेवून त्याने स्मिथला यष्टीमागे झेल द्यायला लावला. मग ओव्हर्टन पायचीत. प्रसिद्धने जोश टंगचा त्रिफळा उडवला.

ऐंशी षटके पूर्ण झाली तेव्हा नवा चेंडू घेता येत होता आणि गिलने तो घेतला नाही. माझ्या मते मालिकेतला हा सर्वांत शहाणा निर्णय. लॉर्ड्सवर वळणारा चेंडू हातचा गेला त्याची किंमत भारताने मोजली होती. नवा चेंडू टणक असतो, बॅटची कड लागली तरी सीमेकडे वेगाने जातो. जिंकायला वीसेकच धावा हव्या असलेल्या संघासमोर दोन निसटते चौकारही भारी पडतात. वोक्स निखळलेला डावा खांदा झोळीत अडकवून, स्वेटरखाली हात बांधून मैदानात आला तो एका बाजूला उभा राहण्यासाठी. अ‍ॅटकिन्सन फटका मारणार हे सर्वांना माहीत होते. एक षटकार त्याने मारलाही, तो आकाश दीपच्या हातांना लागून सीमेपार गेला. त्यानंतर सिराजने पूर्ण वेगाने, यष्टीच्या मुळाशी यॉर्कर टाकला. जुना, स्विंग होणारा चेंडू आणि उतावीळ फलंदाज असे जुळून आले की यॉर्कर हाच सर्वांत सुरक्षित चेंडू असतो, कारण त्याच्यावर कड लागून चौकार जाण्याची शक्यता सर्वांत कमी. इंग्लंड ३६७. सामन्यात सिराजचे बळी नऊ. धावांच्या हिशेबाने भारताचा हा कसोटीतला सर्वांत निसटता विजय.

आता प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे येतो. बुमरा खेळला ते तीन सामने भारताने जिंकले नाहीत आणि तो नव्हता ते दोन जिंकले, म्हणून बुमराविना भारत बरा असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. हेडिंग्लीला त्याच्या गोलंदाजीवर सुटलेले तीन झेल घेतले गेले असते तर हा तर्क जन्मालाच आला नसता. खरे दुखणे असे की तो खेळला तेव्हाही दुसऱ्या टोकाला दबाव टिकवणारा चौथा-पाचवा गोलंदाज भारताने संघात घेतला नाही. कुलदीपला हेडिंग्ली आणि मँचेस्टर या दोन्ही ठिकाणी खेळवायला हवे होते. मँचेस्टरला त्याला वॉशिंग्टनच्या जागी घेतले असते तर कदाचित पाचव्या दिवशी सामना वाचलाही नसता, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. शार्दूलच्या जागी घेतले असते तर मात्र दोन्ही साधले असते. इंग्लंडनेही हीच चूक आपल्या पद्धतीने केली : स्टोक्सच्या शरीराला झेपेल त्यापेक्षा जास्त षटके त्याच्याकडून टाकून घेतली आणि ओव्हलला कर्णधारच गमावला.

सहाव्या सामन्याबद्दल. कसोटी मालिकेत बरोबरी ही पळवाट नव्हे. ती खेळाच्या रचनेतच आहे. अ‍ॅशेसची परंपरा अशी की बरोबरी झाल्यास ज्याच्याकडे आधी अ‍ॅशेस होत्या त्याच्याकडेच त्या राहतात, म्हणूनच २०१९ आणि २०२३ च्या २–२ मालिकांनंतर त्या ऑस्ट्रेलियाकडेच राहिल्या. अँडरसन–तेंडुलकर चषकाची ही पहिलीच मालिका असल्याने आधीचा धारक कोणी नव्हता. याआधीची इंग्लंडमधली २०२१–२२ ची मालिकाही २–२ अशीच सुटली होती. सगळ्या बरोबऱ्या सारख्याही नसतात. भारत–पाकिस्तान यांच्या १९५४–५५ आणि १९६०–६१ च्या मालिकांतले दहाच्या दहा सामने अनिर्णित राहिले. त्या दुसऱ्या मालिकेत ब्रेबॉर्नवर रमाकांत देसाईने दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ आणि मद्रासला पुण्याच्या चंदू बोर्डेने नाबाद १७७ धावा केल्या, पण दोन्ही कर्णधारांना हरण्याचीच धास्ती जास्त होती आणि त्यामुळे जिंकण्यासाठी धोका पत्करायला कोणी तयार नव्हते. ते ०–० आणि हे २–२ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आणि ज्यांना कौल हवाच आहे त्यांच्यासाठी जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेचा तक्ता आहे. दोन विजय आणि एक अनिर्णित सामना मिळून दोघांचेही २८ गुण झाले असते, पण लॉर्ड्सवर षटके संथ टाकल्याबद्दल इंग्लंडचे दोन गुण कापले गेले. भारत २८, इंग्लंड २६.